पुसू नको वं, राहू दे!

‘आमच्याकडे व्यवस्थित चालतंय. कृपया आपलं इंटरनेट कनेक्शन तपासा.’

हे वाक्य मी आजवर किती वेळा टाइप केलं असेल, देव जाणे! वेबसाइट बनवणाऱ्या कुठल्याही ऑफिसात जा, हे वाक्य तयारच असतं. कॉपी, पेस्ट, तिकीट क्लोज्ड, चला चहाला! गेल्या दिवाळीत मात्र हेच वाक्य माझ्यावर उलटलं. तेही अमरावतीत, मावसभावाच्या दुकानात, दहा माणसांच्या देखत.

मी मूळची अकोल्याची. सहा वर्षं झाली पुण्यात वेबसाइट बनवते. दिवाळीला घरी गेले की एक दिवस अमरावतीला मावशीकडे जायचं, हा आमच्या घरातला अलिखित नियम. अकोला ते अमरावती शंभरेक किलोमीटर. हा रस्ता आता एकदम सॉलिड झालाय बरं का. जून २०२२ मध्ये याच पट्ट्यात सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नाव लागलंय. पुण्यातल्या मित्रांना मी हे इतक्या वेळा ऐकवलंय की आता ते माझ्याआधीच आकडा सांगतात!

तर अमरावतीत गाडगेनगरच्या बाजूला, गाडगेबाबांच्या समाधी मंदिरापासून जवळच, दादाचं दुकान आहे. २००५ च्या सुमारास हे ‘नेट कॅफे’ होतं. प्लायवूडच्या केबिन, तासाला वीस रुपये आणि प्रत्येक स्क्रीनवर याहू मेसेंजर. आता केबिन गेल्या आणि बाहेर फ्लेक्स लागलाय : झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. २०१७ ची कर्जमाफी असो की २०२४ ची लाडकी बहीण, वऱ्हाडातली अर्धी जनता सरकारला भेटते ती अशाच एखाद्या दुकानातल्या कॉम्प्युटरमधून. फॉर्म भरला गेला तर साइट चांगली, नाही भरला गेला तर शिव्या दादाला.

मी दुकानात पाय ठेवला तर दादा वैतागलेला.

‘‘ये वं बाई, बरी आली तू. हे पाह्य, हे फॉर्म कायच्यानं अडकून राह्यलं? तीन डाव तक्रार केली. तिकडून कोणीतरी शहाणा लिहिते, इंटरनेट तपासा. आता मी काय टावरवर चढू काय?’’

मी स्क्रीनकडे बघितलं आणि पोटात गोळाच आला. एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म होता. निळं बटण, डावीकडे चार पायऱ्यांची पट्टी, वर तो गोल लोगो. बॉस, ही साइट आमच्या टीमने केलेली होती. आणि तो ‘शहाणा’ म्हणजे... मी!

दादाच्या बाजूला स्टुलावर एक मुलगी बसली होती. बारावी झालेली, हातात प्लास्टिकची फाइल, दर्यापूरकडची. मागे तिचे वडील उभे. मागच्या आठवड्यात एकदा येऊन गेलेले, फॉर्म झाला नाही म्हणून आज पुन्हा आलेले. पन्नासेक किलोमीटर एसटीने. तिचं तिकीट अर्धं, वडिलांचं पूर्ण, शिवाय ऐन कापूस वेचणीतला दिवस मोडला तो वेगळाच. शेवटची तारीख सोमवार. तो दिवस शनिवार. दुपारचे साडेतीन वाजलेले आणि त्यांना पावणेसहाची गाडी गाठायची होती.

‘‘भाऊ, आज तरी होईन ना?’’ वडिलांनी दादाला विचारलं. दादाने माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची ओढली.

फॉर्मच्या पायऱ्या चार. पहिलीत नाव-गाव, दुसरीत फोटो आणि सही, तिसरीत मार्क, चौथीत ‘सबमिट’. चौथ्या पानावर पोचलो की लाल अक्षरात यायचं : ‘फोटो उपलब्ध नाही. अर्ज अपूर्ण.’ आता फोटो तर दुसऱ्या पानावर सगळ्यांसमोर टाकला होता, ‘सेव्ह झालं’ अशी हिरवी पट्टीसुद्धा आली होती. मग गेला कुठे?

मी एफ १२ दाबलं. खाली काळा पडदा उघडला, तसा दादा जरा मागे सरकला. ‘‘हे काय वं, हॅकिंग?’’

हॅकिंग नाही हो! प्रत्येक ब्राउझरच्या पोटात ही हत्यारांची पेटी असतेच. त्यातलं ‘नेटवर्क’ नावाचं पान म्हणजे टोलनाक्यावरची नोंदवही समजा. तुमच्या कॉम्प्युटरकडून कुठली गाडी किती वाजता निघाली, काय माल घेऊन गेली, सर्व्हरकडून काय उत्तर आलं, किती वेळ लागला, सगळं ओळीने लिहिलेलं. २०० म्हणजे सगळं ठीक, ४०४ म्हणजे पत्त्यावर कोणी नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्याच घरात आग. वेबसाइटवाल्यांचं अर्धं आयुष्य ही वही वाचण्यात जातं. मी शिकले तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये फायरफॉक्स आणि त्यावर ‘फायरबग’ असायचं. जो ह्यूइट नावाच्या पठ्ठ्याने २००६ मध्ये ते काढलं आणि आमच्यासारख्यांचे डोळेच उघडले. २०१७ मध्ये फायरबग निवृत्त झालं, पण त्याची पोरंबाळं आज प्रत्येक ब्राउझरमध्ये नांदतायत.

तर मी वही उघडून फॉर्म पुन्हा भरला. चौथं पान आलं, लाल अक्षरं आली. आणि वहीत? सगळं २००! एकसुद्धा लाल ओळ नाही. एक क्षण तेच जुनं वाक्य डोक्यात आलं : आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय...

‘‘काही दिसलं काय?’’ दादा.

‘‘नाही रे, सगळं बरोबर दाखवतंय.’’

‘‘पण थे तर चवथ्या पानाचं आहे ना? फोटो तं दुसऱ्या पानावर टाकला आपण. दुसऱ्या पानाचं कुठी गेलं?’’

मंडळी, माझ्या सहा वर्षांच्या अनुभवाला आमच्या दादाने एका वाक्यात गार केलं. कारण प्रश्न अगदी बरोबर होता. ही नोंदवही शाळेतल्या फळ्यासारखी असते. तास संपला, दुसरे सर आले की फळा साफ! तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की ब्राउझर जुन्या नोंदी पुसतो आणि कोऱ्या फळ्यावर नव्या लिहायला लागतो. चूक झाली दुसऱ्या तासाला आणि मी फळा वाचत होते चौथ्या तासाचा. त्यावर काय दिसणार, कपाळ?

यावरचा उपाय म्हणजे एक छोटासा चौकोन. क्रोममध्ये नेटवर्क पानाच्या वरच्या पट्टीतच ‘प्रिझर्व्ह लॉग’ लिहिलेलं असतं, सफारीमध्येही तेच नाव. फायरफॉक्समध्ये दातेरी चाकाच्या चिन्हाखाली ‘पर्सिस्ट लॉग्ज’ सापडेल. तिथे टिक करा, मग पानं कितीही बदलली तरी फळा पुसला जात नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं एकाखाली एक. हा चौकोन मला ठाऊक नव्हता का? चांगला ठाऊक होता! ऑफिसात रोज डोळ्यांसमोर असतो. पण त्या तीन तक्रारी मी तो न लावताच ‘तपासल्या’ होत्या.

टिक केली. पुन्हा पहिल्यापासून. नाव, गाव, फोटो, सही, ‘पुढे जा’. तिसरं पान आलं आणि वर, दुसऱ्या पानाच्या नोंदींमध्ये, ती दिसली. एक लालभडक ओळ. फोटो घेऊन निघालेली गाडी. उत्तराच्या जागी शब्द होता : ‘कॅन्सल्ड’.

आता कॅन्सल कोणी केली? दादाने नाही, त्या मुलीने नाही, सर्व्हरनेही नाही. केली ब्राउझरने. त्याचा नियम साधा आहे : ज्या पानाने काम सांगितलं ते पानच निघून गेलं, तर अर्धवट राहिलेलं काम मध्येच सोडून द्यायचं. मालकच घर सोडून गेला, मग पार्सल कोणासाठी? आणि पान निघून का गेलं? कारण मी त्याला तसं सांगितलं होतं. ‘पुढे जा’ दाबलं की फोटो पाठवायला सुरुवात करायची, एक सेकंद थांबायचं, ‘सेव्ह झालं’ दाखवायचं आणि पुढचं पान उघडायचं. ती ओळ मीच लिहिली होती. सर्व्हरकडून ‘मिळालं’ असं उत्तर येण्याची वाट न बघता, नुसता एक सेकंद. का? कारण आमच्या ऑफिसच्या लाइनवर फोटो डोळ्याची पापणी लवायच्या आत वर जायचा. मला वाटलं, एक सेकंद भरपूर झाला!

दादाच्या दुकानात त्या दिवशी ब्रॉडबँड बंद होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चाललं होतं. फोटो १९० केबीचा, मर्यादा २०० केबीची. त्या लाइनवर त्याला वर जायला चार-पाच सेकंद लागत होते. म्हणजे फोटो वाटेतच असायचा आणि हिरवी पट्टी बिनधास्त सांगायची, ‘सेव्ह झालं’. ज्याचं नेट फास्ट त्याचा अर्ज पूर्ण, ज्याचं स्लो त्याचा अपूर्ण. आणि स्लोवाल्याने तक्रार केली की मी त्याला सांगणार, नेट तपासा! बघा, किती व्यवस्थित गोल फिरवलं होतं मी लोकांना.

चूक सापडली तरी सर्व्हरवरची साइट अशी तिथल्या तिथे बदलता येत नाही. आणि घड्याळात पाच वाजत आलेले. मग जुगाड! दादाने फोटो आणि सही लहान करून वीसेक केबीच्या आत आणली. (कमीत कमी किती, याची मर्यादा मी घातली नव्हती. माझा आळस एकदाच कोणाच्या तरी कामी आला!) पुन्हा ‘पुढे जा’. या वेळी त्या ओळीपुढे २०० आलं. मार्क भरले, सबमिट केलं, अर्ज क्रमांक आला. दादाने पावतीची प्रिंट काढली. मुलीने दोनदा वाचली आणि फाइलमध्ये सरळ घडी पडेल अशी ठेवली. वडील खिशात हात घालून ‘‘किती झाले?’’ विचारत होते. दादा म्हणाला, ‘‘राहू द्या काका. यायचीच चूक होती.’’

‘यायची’ म्हणजे आमची. वऱ्हाडीत टोमणासुद्धा असा गूळ लावून येतो!

ते स्टँडकडे निघाल्यावर मी फोन काढला. पुण्यातला टीममेट शनिवारच्या संध्याकाळी जितका खूश होऊ शकतो तितकाच झाला. पण मी नोंदवहीचा फोटो पाठवला तेव्हा गप्प बसला. रात्री नऊच्या आत बदल साइटवर गेला. एक सेकंदाचं घड्याळ काढून टाकलं. आता सर्व्हर ‘मिळालं’ म्हणेपर्यंत पान हलत नाही, तोवर ‘फोटो अपलोड होतोय, थांबा’ असं लिहून येतं. नाहीच पोचला तर स्पष्ट सांगतं की नाही पोचला. बास, एवढंच. आठ-दहा ओळींचा मामला.

सोमवारी मी त्या बंद केलेल्या तक्रारी पुन्हा उघडल्या. नुसत्या दादाच्या तीन नव्हत्या, इतरांच्याही होत्या. डेटाबेसमध्ये शोधलं तर फोटोवाचून अडकलेल्या अर्जांची चांगली लांब यादी निघाली. ट्रस्टला सगळं खरं खरं लिहिलं. त्यांनी तारीख आठवडाभर वाढवली आणि यादीतल्या मुलांना मेसेज गेले. बरेच जण परत आले. सगळे नाही आले. न आलेल्यांमध्ये कोण होतं, कोणाकडे पुन्हा एसटीचे पैसे नव्हते, कोणी ‘आपलंच काहीतरी चुकलं’ म्हणून सोडून दिलं, हे मला कुठल्याच नोंदवहीत दिसणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काही वेबसाइट बनवत नाही, आम्हाला कशाला हे डोक्याला शॉट? थांबा! महिन्यातून एकदा तरी कुठलातरी ऑनलाइन घोळ तुमच्या वाट्याला येतोच. पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, लॉगिन केलं की परत लॉगिनचंच पान, सबमिट दाबलं की कोरी स्क्रीन. पैसे भरताना तर तुम्ही दुकानाच्या साइटवरून गेटवेवर, तिथून बँकेच्या पानावर आणि तिथून परत दुकानात असे फिरता. प्रत्येक वळणावर फळा पुसला जाण्याची सोय! अशा वेळी कस्टमर केअरला ‘चालत नाहीये हो’ एवढंच सांगितलं, तर तिकडेही माझ्यासारखाच कोणी शहाणा बसलेला असतो. म्हणून हा फंडा कापून ठेवा :

१. एफ १२ आधी दाबा, मग काम सुरू करा. पेटी बंद असताना वहीत काहीच लिहिलं जात नाही. घटना घडून गेल्यावर पंचनामा होत नाही!

२. नेटवर्क पानावर जाऊन ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करा आणि घोळ पहिल्यापासून पुन्हा करून दाखवा. मात्र पैसे भरण्याचा घोळ असेल तर पुन्हा करू नका, आधी खात्यातून पैसे कापले गेलेत का ते बघा.

३. लाल ओळ शोधा. कुठल्या पानावर, किती वाजता आणि पुढे काय लिहिलंय, याचा स्क्रीनशॉट काढा. तक्रारीत तो जोडा. मग बघा उत्तर कसं बदलतं!

४. नवीन टॅब उघडला तर त्याची वही वेगळी. जुन्या टॅबमध्ये शोधत बसू नका.

५. पान मागे पडल्यावर जुन्या नोंदीची ओळ राहते, पण सर्व्हरने नेमकं काय उत्तर पाठवलं तो मजकूर बऱ्याचदा उघडत नाही. आणि टिक तशीच ठेवून दिवसभर फिरलात तर वहीची रद्दी होते. काम झालं की पुसा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ही अख्खी वही फाइल करून पाठवता येते, तिला एचएआर फाइल म्हणतात. कस्टमर केअरवाले कधीकधी मागतात. ती व्हॉट्सअ‍ॅपवर कोणालाही फॉरवर्ड करू नका! तुम्ही टाइप केलेला पासवर्ड आणि तुमच्या लॉगिनची चावी, दोन्ही त्यात असू शकतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या बड्या अमेरिकी कंपनीच्या मदतकक्षात चोर शिरले आणि त्यांनी उचललं काय, तर ग्राहकांनी विश्वासाने पाठवलेल्या अशाच फाइली. त्यातल्या चाव्या वापरून ते काही ग्राहकांच्या दारापर्यंत पोचले. त्यानंतर २०२४ पासून क्रोम ही फाइल देताना कुकीजसारख्या नाजूक गोष्टी आपण होऊन गाळतो. तरीही पाठवण्याआधी लॉगआउट करा आणि पाठवायचीच तर अधिकृत जागीच पाठवा.

आणि तुम्ही माझ्यासारखे वेबसाइटवाले असाल तर एकच विनंती. याच पानावर ‘थ्रॉटलिंग’ची यादी असते. त्यातून थ्री-जी निवडा आणि आपलीच साइट एकदा वापरून बघा. ऑफिसच्या एसीत बसून दर्यापूरला जाऊन आल्यासारखं वाटेल. मी केलं. एक मिनिटात लाज वाटली.

गाडगेबाबांच्या कीर्तनाची एक पद्धत होती. ते लोकांना नुसतं सांगत नसत, विचारत. एकामागून एक साधे प्रश्न, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं. त्यांच्या समाधीच्या सावलीत दुकान टाकलेल्या आमच्या दादालाही ते बरोबर जमलंय. ‘दुसऱ्या पानाचं कुठी गेलं?’ हा प्रश्न मी त्या तीन तक्रारी वाचताना स्वतःला विचारला असता, तर ती मुलगी पहिल्याच फेरीत घरी गेली असती.

रात्री दुकान बंद करताना मी सवयीने वही साफ करायला आणि ती टिक काढायला गेले. दादा शटर अर्धं ओढून उभा होता. म्हणाला, ‘‘पुसू नको वं, राहू दे. उद्या अजून कोणी येईन.’’

राहू दिली. मावशीकडे रोडगे आणि वांग्याची भाजी वाट बघत होती.

तेव्हापासून माझं ते कॉपी-पेस्ट वाक्य बदललंय. आता मी लिहिते : ‘तसदीबद्दल क्षमस्व. नेमकं कुठल्या पानावर अडकलं, तेवढं सांगाल का?’ टाइप करायला थोडा जास्त वेळ लागतो. असेल एखादा सेकंद!